तोंड पप्पांचं, गळा तेजूचा

विकास पिंगळेनं फोन उचलून 'हॅलो' म्हटलं, की पलीकडून 'हां मॅडम' असं येतं. आणि त्याच्या मुलीनं, तेजश्रीनं उचलला, की 'सर, जरा बोलायचं होतं.' घरात याची इतकी सवय झालीय, की विकास आता दुरुस्तीसुद्धा करत नाही. कुंभिवलीच्या ज्या खोक्यांच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळतो, तिथे पुठ्ठ्याचा माल उशिरा आला की तो मुद्दाम स्वतः फोन लावतो. मॅडम चिडल्यात म्हटल्यावर ट्रान्सपोर्टवाले जरा लवकर गाडी काढतात.

तेजश्रीचं मात्र असं हसण्यावारी गेलं नव्हतं. मुलगी कर्जतच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखी, आणि गळा असा, की स्वयंपाकघरात नुसती 'आई, चहा' म्हणाली तरी मांडणीवरची ताटं थरथरतात. शाळेत असताना समूहगीताच्या वेळी बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, तू नुसते ओठ हलव. बाईंच्या मनात काही वाईट नसेल. त्यांना बक्षीस हवं होतं, आणि ते मिळालंही. पण तेव्हापासून पोरगी चारचौघांत गायची बंद झाली ती झालीच, घराबाहेर बोलायचीही ती कुजबुजल्यासारखी. गायची ती फक्त मिक्सर चालू असताना.

हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. सुरभीला, म्हणजे विकासच्या बायकोला, एवढंच जाणवत होतं की हल्ली पोरगी आपणहून वाटणाला उभी राहते आणि वाटण गंधासारखं बारीक होतं. मग एका रविवारी खोबरं वाटता वाटता लाईट गेली. मिक्सर थांबला आणि तेजश्रीचं गाणं ओळीच्या मधोमध उघडं पडलं.

पाताळगंगेच्या थडीला सांज उतरली हळू,
तुझ्या गावच्या वाटेला पाय लागले वळू...

बाहेर पेपर वाचत बसलेल्या विकासला आधी वाटलं टीव्ही. मग त्याच्या लक्षात आलं, लाईट नाही तर टीव्ही कसला. तो आत आला. तेजश्री मिक्सरच्या झाकणावर हात ठेवून उभी होती, दूध सांडल्यासारखा चेहरा करून. गाणं कोणाचं, असं त्यानं विचारल्यावर तिनं सांगितलं, माझंच आहे, चालही माझीच.

विकासला गाण्यातलं काही कळत नाही. सूर, ताल, राग हे त्याच्या लेखी एकाच घरातले भाऊ आहेत. पण त्या दिवशी त्याच्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणजे आला. तो काही कोणाला विचारून येत नाही. त्यानं तिथल्या तिथे जाहीर केलं, की याचा व्हिडीओ करायचा. घरच्या घरी, आपला आपण. सगळं जग करतंय, आपल्याला काय धाड भरलीय?

तेजश्रीनं दोन दिवस नाही म्हणून पाहिलं. मग अटी घातल्या. तिचा चेहरा कुठेही दिसणार नाही. तिचं नाव सुरुवातीला येणार नाही. शेवटी, अगदी शेवटी, आलं तर चालेल, पण तोंडानं कोणी कोणाला सांगायचं नाही. विकासनं सगळं कबूल केलं. माणसाला मोठ्या कामाची घाई झाली की तो अटी ऐकतो, पण त्या पुढे कुठे जाऊन बसणार आहेत हे बघत नाही.

सामान घरातलंच घ्यायचं ठरलं, कारण दुसरं नव्हतंच. कॅमेरा म्हणजे तेजश्रीचा मोबाईल. माइक म्हणजे इअरफोनची वायर, तिच्या टोकाला विकासचा लोकरी मोजा, कारण श्वासाची फुसफुस येऊ नये म्हणून तिथे काहीतरी मऊ लागतं. मोजा धुतलेला होता, हे सुरभी आजही शपथेवर सांगते. कॅमेरा सरकत न्यायचा असला तर गॅसच्या सिलिंडरखालची चाकांची ट्रॉली होती. ती काढल्यामुळे सिलिंडर जमिनीवर आणि सुरभीचा पारा वर, पण कलेसाठी एवढं चालायचंच. आणि तोंडावर मारायला लागणारी गोल लाईट शेजारच्या नम्रताकडून आणली. नम्रता ही आबाजींची नात. तिनं पार्लरचा कोर्स केलेला, लग्न लोधिवलीच्या मुलाशी ठरलेलं.

आता आबाजींबद्दल सांगणं भाग आहे. आबाजी म्हणजे गावच्या, सोंडेवलीच्या, भजनी मंडळाचे पेटीमास्तर. अलीकडे पेटीचा भाता फाटला आणि बोटंही आखडली, पण सल्ला शाबूत राहिला. भिंतीपलीकडे गाण्याचं काहीतरी चाललंय याचा वास लागल्यावर ते जे आले, ते व्हिडीओ होईपर्यंत गेलेच नाहीत. गाणं घरात बसून होत नाही, गळा मोकळ्या हवेत उघडतो, हे त्यांचं पहिलं मत. गाण्यात मध्येच एक अभंग घाला, हे दुसरं. गाणार कोण, हे मात्र त्यांनी विचारलंच नाही. बाप एवढा धावपळ करतोय म्हणजे बापच गाणार, हे त्यांनी मनाशी धरून टाकलं, आणि आबाजींनी एक गोष्ट मनाशी धरली की ती सोडवायला पुढची पिढी लागते.

घरात रेकॉर्डिंग करून पाहिलं. पहिल्यांदा कोंबडा आला. दुसऱ्यांदा हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न. तिसऱ्यांदा सगळं सुरळीत चाललं असताना, अगदी शेवटच्या ओळीला, आबाजी दार उघडून आत आले आणि म्हणाले, आता छान चाललंय, थांबू नका. पलंगाच्या गाद्या उभ्या करून, त्यांच्यामध्ये तेजश्रीला बसवून पाहिलं. त्यात आवाज चांगला आला, पण पोरगी शिंकायला लागली.

शेवटी तेजश्रीनंच कुठेतरी वाचलं होतं ते सांगितलं, की बंद गाडीत आवाज चांगला येतो. गावात राजेशची ईको व्हॅन आहे, शाळेची पोरं सोडायची. ती मागून आणली, शेताच्या कडेला उभी केली, काचा चढवल्या, वरून गोधड्या टाकल्या. आत तेजश्री मागच्या सीटवर आणि विकास पुढे, मागे वळून, मोजा तिच्या तोंडासमोर धरून. ऊन मी म्हणत होतं. गाडीत एवढं उकडत होतं, की आत अंडी ठेवली असती तर पिल्लं निघाली असती. पण पोरगी गायली. डोळे मिटून, घामानं निथळत, पहिल्यांदाच मिक्सरशिवाय आणि भीतीशिवाय गायली, आणि विकास मोजा हलू नये म्हणून हाताला रग लागली तरी तसाच बसून राहिला.

बाहेर मात्र वेगळंच चाललं होतं. गोधड्या पांघरलेल्या गाडीतून पुरुषाचा खोल आवाज येतोय, हे पाहून शेतावरून येणारी एक बाई गावात सांगत सुटली, की राजेशच्या गाडीत कोणीतरी कोंडून ठेवलाय आणि तो कण्हतोय. माणसं जमली. राजेश धावत आला आणि त्यानं दार सर्रकन ओढलं. आत घामानं ओथंबलेला विकास, हातात मोजा. मागे तेजश्री, लगेच तोंड मिटून, बापाच्या पाठीआड.

लोकांनी ऐकला होता पुरुषाचा आवाज, आणि गाडीत पुरुष एकच होता. पुढचा हिशेब त्यांचा त्यांनी केला. आबाजी तर पुढे होऊन म्हणाले, "मी म्हनत नव्हतो? भजनात आमी याला टाळ देऊन गप बसवला, आन् हा आतल्या गाठीचा निघाला."

विकासनं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून तेजश्रीनं त्याचा शर्ट ओढला. अट म्हणजे अट. त्यानं उघडलेलं तोंड हातातल्या मोज्यानं पुसून घेतलं.

आवाज झाला, आता चित्र. हिरो म्हणून सुरभीचा भाचा अक्षय ठरला. अक्षय शिळफाट्याचा, रोज जिमला जाणारा, आणि केस असे कापलेले की डोक्याच्या दोन बाजू दोन गावच्या वाटाव्यात. हिरॉइनचा प्रश्न आला तेव्हा कोणीच तयार होईना. तेव्हा हिरॉइनचे नुसते पाय दाखवायचे ठरले, पैंजण घातलेले, वाटेवरून जाणारे. ते पाय सुरभीचे. तिनं बजावून ठेवलं, की घोट्याच्या वर कॅमेरा आला तर जेवायला मिळणार नाही.

यावर आबाजींनी तिसरं मत दिलं, की प्रेमाच्या गाण्यात धूर पाहिजे. धुरातून माणूस यावा लागतो, नुसता आला तर तो दूधवाला वाटतो. हे मत, दुर्दैवानं, विकासला पटलं. ग्रामपंचायतीकडे डासांसाठी धूर सोडायचं मशीन होतं. विकास भाऊसाहेबांकडे, म्हणजे ग्रामसेवकांकडे गेला. भाऊसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, मशीन डासांसाठी आहे, प्रेमासाठी नाही. तुम्ही अर्ज करा, आणि अर्जात डास दिसले पाहिजेत.

विकासनं अर्ज केला. स्टोअरच्या पत्रव्यवहाराची सवय असल्यामुळे तो नको तितका चांगला झाला. आमच्या आळीत डासांनी असा काही उच्छाद मांडला आहे की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, असं काहीबाही. परिणाम असा, की मशीनच्या आधी आरोग्य केंद्राची माणसं आली. त्यांनी सुरभीनं भरून ठेवलेलं पाण्याचं पिंप ओतून टाकलं, बाटलीतला मनीप्लांट जप्त केल्यासारखा अंगणात मांडला, घरातल्या सगळ्यांची बोटं टोचून रक्त घेतलं, आणि ओट्यावर सल्ला द्यायला बसलेल्या आबाजींचंही घेतलं. जाताना भिंतीवर खडूनं खूण करून गेली. ती खूण बघून आळीतल्या बायका आठवडाभर पिंगळ्यांकडे विरजण मागायला आल्या नाहीत. सुरभी या काळात नवऱ्याशी जे बोलली ते सगळं आवश्यक वस्तूंपुरतं होतं: मीठ आणा, पीठ आणा.

मशीन रविवारी आलं, ग्रामपंचायतीच्या बुधाजीच्या खांद्यावर. बुधाजी कामाला चोख. त्याला सांगितलं होतं आंब्याखाली थोडा धूर सोड. अक्षय आंब्याखाली उभा, बाह्या चढवून. केस उडावेत म्हणून समोर टेबलफॅन. ट्रॉलीला बांधलेला मोबाईल घेऊन तेजश्री जमिनीवर पालथी. बुधाजीनं मशीन चालू केलं आणि थोडं सोडणं त्याच्या स्वभावात नसल्यामुळे खोडापासून शेंड्यापर्यंत सगळा आंबा धुपवून काढला.

शेंड्यावर मधमाश्यांचं पोळं होतं.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. कोणालाच ते नीट दिसलं नाही. आबाजी त्या वयात कुंपणावरून कसे गेले, हा गावात अजून चर्चेचा विषय आहे. बाकीचे घरात शिरले, पण अक्षयनं डोळे मिटून, हात पसरून, भावनेत उभं राहायचं असल्यामुळे त्याला सगळं जरा उशिरा कळलं. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाला, पण संध्याकाळपर्यंत त्याचं तोंड टम्म पुरीसारखं फुगलं आणि डोळे कुठे असतात हे आठवणीनं सांगावं लागत होतं.

बुधाजीनं सांगितलं, मशीन उद्यापासून वरच्या वाड्यांवर जाणार, काय सोडायचं ते आजच. सूर्य मावळतीला आला होता. तेजश्रीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेवटी बापाकडे बघितलं. गाडीतल्या त्या दुपारनंतर या पोरीत काहीतरी बदललं होतं. आतापर्यंत ती बापाच्या उत्साहापुढे मान हलवत होती. आता तिलाच ते गाणं पुरं झालेलं बघायचं होतं.

"पप्पा, तुम्ही उभे राहा," ती म्हणाली.

अशा तऱ्हेनं अक्षयचा घट्ट शर्ट घालून, पोट आत ओढून, केसांना सुरभीचं खोबरेल लावून विकास पिंगळे शेताच्या बांधावर उभा राहिला, आंब्यापासून पुष्कळ लांब. तेजश्रीला चित्र संथ हवं होतं. त्याची युक्ती अशी, की गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, माणसानं दुप्पट वेगानं ओठ हलवायचे, आणि नंतर चित्र हळू करायचं. विकास मशेरी लावल्यासारखे ओठ हलवत राहिला. तेजश्री ओरडून सांगत होती, पप्पा, हसू नका. पप्पा, मिशी चावू नका. पप्पा, प्रेम करताय, माल मोजत नाही.

यात एक गोची झाली. दुप्पट वेगानं वाजवला की तेजश्रीचा खोल आवाज बारीक व्हायचा, आणि बारीक झाला की तो हुबेहूब विकाससारखा लागायचा. बांधावर जमलेल्या गावाची उरलीसुरली शंकाही तिथे फिटली.

तेजश्रीनं तो व्हिडीओ फोनवरच जोडला. आश्चर्य म्हणजे तो चांगला झाला. धुरात सूर्य बुडत होता, वाटेवरून पैंजणांचे पाय जात होते, आणि त्या सगळ्यावरून तो आवाज, नदीच्या डोहासारखा, हळूहळू पसरत जायचा. शेवटी, अटीप्रमाणे, धूर विरल्यावर बारीक अक्षरं येत होती: गीत, संगीत, गायन – तेजश्री पिंगळे. पण शेवटपर्यंत बघतंय कोण? लोकांनी मधला तुकडा कापून स्टेटसला लावला. त्यात गाणं होतं, धूर होता आणि विकास होता.

गाणं चौक गावापासून कर्जतपर्यंत फिरलं. लग्नांतले बेंजोवाले ते वाजवायला लागले. कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीवाला विकासला सलाम ठोकायला लागला. मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि सेफ्टी सप्ताहावर असंच एखादं गाणं बसवा म्हणून सांगितलं. आता मात्र विकासनं अट मोडली. पोरीचं श्रेय आपल्या खिशात जमा होतंय, हे त्याला सोसेना. त्यानं सांगायला सुरुवात केली, की गाणं माझं नाही, मुलीचं आहे, मी नुसते ओठ हलवले.

कोणी विश्वास ठेवीना. मॅनेजर म्हणाला, पिंगळे, तुमचा हाच विनय मला आवडतो. किराणावाला म्हणाला, मुलीवर किती माया. विकास म्हणाला, अहो माझा आवाज ऐका ना, हा आवाज तसा आहे का? त्यावर आबाजींकडे उत्तर तयार होतं, आणि ते त्यांनी गावभर वाटलं होतं: बोलायचा गळा वेगळा, गायचा गळा वेगळा. मोठमोठ्या गवयांचं असंच असतं. विकास शेवटी भाऊसाहेबांकडे गेला, की या गाण्यातला आवाज तेजश्री विकास पिंगळे हिचा असल्याचा दाखला मिळेल का. भाऊसाहेबांनी सगळ्या दाखल्यांची नावं मनातल्या मनात चाळली. जन्माचा आहे, रहिवासाचा आहे, हयातीचा आहे, गळ्याचा नाही, असं ते खेदानं म्हणाले, आणि मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी विकासला एक कडवं म्हणायची विनंती केली.

खरं बोलणारा माणूस खोटा ठरला तर चिडतो, पण खरं बोलून नम्र ठरला तर त्यानं करायचं काय? विकासची अगदी तशी अडचण झाली. घरी येऊन तो तेजश्रीवर वैतागला. तू एकदा गावासमोर उभी राहा, एक ओळ म्हण, आणि मला सोडव, असं त्यानं सांगितलं.

तेजश्री पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं ठेवलं.

"पप्पा, दुकानात उभी होते ना, तेव्हा बाया बोलत होत्या, काय भारदस्त आवाज आहे म्हणून. माझ्या देखत. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजाला कोणीतरी चांगलं म्हणालं, आणि ते तुमचा समजून म्हणाल्या. माझा म्हणून सांगितलं असतं तर हसल्या असत्या. राहू दे ना तुमच्याकडे. तुमच्याकडे तरी तो शोभतोय."

तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. पोरीचा आवाज आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखा, आणि तो परत कसा करायचा ते कळत नाही, असं त्याला वाटत राहिलं.

मग नम्रताची हळद आली. आबाजींच्या अंगणात मांडव, दाराला आंब्याची पानं, लोधिवलीहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन पाहुण्यांचा टेंपो आलेला, बेंजो पार्टी एका कोपऱ्यात. आणि आबाजींनी, कोणालाही न विचारता, व्याह्यांना सांगून ठेवलं होतं, की त्या व्हिडीओतला गवई आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो, आमच्या हाताखाली तयार झालाय, हळदीला तो प्रत्यक्ष गाणार. पाहुणे त्यासाठी लवकर निघाले होते.

विकासला हे कळलं तेव्हा माइक त्याच्या हातात होता. बेंजोवाल्यांनी गाण्याची सुरुवात वाजवली आणि सगळा मांडव गप्प झाला. समोर आबाजी, फेटा बांधून, व्याह्यांच्या शेजारी. पलीकडे बायकांच्या घोळक्यात पाटावर नम्रता, आणि तिच्या मागे हळदीची वाटी घेतलेली तेजश्री, पांढरीफटक.

विकासनं माइकवर सांगितलं, "मंडळी, मला गाता येत नाय. गाणं माझ्या मुलीचं हाय. मी खोटं बोलत नाय."

लोक हसले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बेंजोवाल्यांनी सुरुवात पुन्हा घेतली. गाणं जिथे सुरू व्हायचं ती जागा आली आणि गेली. पुन्हा आली आणि गेली. लोधिवलीकर आता एकमेकांकडे बघायला लागले होते. व्याही आबाजींच्या कानात काहीतरी बोलले आणि आबाजींचा चेहरा, जो आयुष्यात कधी उतरला नव्हता, तो उतरला. सोंडेवलीवाले बढाईखोर, असा शब्द मागच्या खुर्च्यांतून आला.

त्या क्षणी विकासनं एक गोष्ट ठरवली. सांगून पटत नसेल तर ऐकवून पटेल. इतके दिवस त्यानं नाही नाही म्हणून सांगितलं होतं, पण प्रत्यक्ष गाऊन दाखवलं नव्हतं. तेवढी अब्रू त्यानं राखून ठेवली होती. आता ती जागा पुन्हा आली, आणि त्यानं डोळे मिटून, दोन्ही गावांसमोर, मोठ्या स्पीकरवरून, आपल्या स्वतःच्या गळ्यानं पहिली ओळ म्हटली.

पाताळगंगेच्या थडीला सांज उतरली हळू...

मांजराचं पिल्लू पत्र्यावर अडकलं की जसं ऐकू येतं, तसं ते होतं. एक क्षण कोणालाच कळेना. मग सगळा मांडव हसत सुटला. बेंजोवाले हसले, पोरं खुर्च्यांवर उभी राहून हसली, लोधिवलीचे व्याही डोळे पुसत हसले. विकास तसाच उभा होता, कानाच्या पाळ्या लाल, पण मान ताठ. हसा, तो मनाशी म्हणत होता, चांगलं हसा, आता तरी पटलं ना.

आणि त्या हसण्याच्या खालून दुसरी ओळ आली.

तुझ्या गावच्या वाटेला पाय लागले वळू...

माइक नव्हता. लागलाही नाही. बायकांच्या घोळक्यातून तो आवाज उठला आणि मांडवाच्या कापडापर्यंत भरला. तेजश्री उभी होती, हळदीची वाटी घट्ट धरून. बापाला हसत होते, एवढंच तिला दिसत होतं. आपण चारचौघांत गातोय हे तिच्या लक्षात यायला अर्धं कडवं गेलं, आणि तेव्हा थांबायची वेळ टळून गेली होती. हसणं कुठल्या कुठे विरलं. लोक आधी विकासकडे बघायला लागले. विकासनं माइक खाली ठेवला आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून आपला तळहात तोंडावर दाबून धरला.

तेव्हा सगळ्या माना बायकांकडे वळल्या.

बेंजोवाल्यानं तिची पट्टी पकडली. नम्रतानं पाटावरून हात धरून तिला पुढे ओढलं. ध्रुवपद आलं तशा बायका तिच्यामागून म्हणू लागल्या, आणि गंमत म्हणजे त्यांनी आवाज खाली आणला, तिच्या पट्टीत. उंच गळ्याच्या बाया त्या दिवशी घसा खरवडून खर्जात गायल्या. आबाजी उठून उभे राहिले. मी व्याह्यांना सांगितलं ते खोटं नव्हतं, भिंतीला भिंत लावूनच राहते ना, असं त्यांनी दोन्ही बाजूंना ऐकवलं. पण हे सांगताना त्यांनी फेटा काढून हातात घेतला होता, त्यामुळे ते सल्ल्यासारखं वाटलं नाही.

गाणं झालं तसं पुन्हा म्हणायला लावलं. आनंदाच्या भरात बायकांनी विकासला गाठून कपाळापासून गळ्यापर्यंत हळदीनं माखून काढलं. मग व्हिडीओ काढणाऱ्या एका पाहुणीनं त्याला सांगितलं, भाऊ, बाजूला व्हा, गाणारी दिसत नाय. विकास लगेच बाजूला झाला आणि मागे एक रिकामी खुर्ची बघून जाऊन बसला.

सुरभी लांबून त्याच्याकडे बघत होती. तिनं पदर डोळ्याला लावला, आणि मग हळद गेली डोळ्यात असं शेजारणीला सांगितलं.

विकासच्या शेजारी लोधिवलीचे एक वयस्क गृहस्थ बसले होते. गाण्याला मान डोलावत ते त्या पिवळ्या तोंडाच्या माणसाकडे वळले.

"पोरीचा गळा म्हंजे काय सांगू तुमाला. सोनं हाय. पन एक कळत नाय," ते म्हणाले, "त्या व्हिडीओत ह्यांनी तो बाप्या कशाला उभा केला? काय ते तोंड, काय ती मिशी चावनं."

विकासनं पुढे बघितलं. तेजश्री आता माइक हातात घेऊन गात होती, डोळे उघडे ठेवून.

"बजेट कमी होतं त्यांचं," विकास म्हणाला, आणि गृहस्थांना पोरगी नीट दिसावी म्हणून त्यानं आपली खुर्ची जरा मागे घेतली.